तिसऱ्या वेळी चालू होतो ना, मग कशाला बघायचं?

आमच्या घरातला लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला. १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, आणि पुढे रडतखडत वाढवलेली आणखी ४ जीबी. आम्ही राहतो चिपळूणला. इथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी धरते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात तक्रार सुरू झाली. सकाळी बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. बटण दाबून धरून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. कधी दुसऱ्या वेळी, कधी चौथ्या वेळी साहेब उठायचे. एकदा उठले की दिवसभर कुरकुर नाही. अशी खोड असली की माणूस ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही, तिची सवय करून घेतो. मुलीने तर ‘आधी झाकण मिटायचं, मग उघडायचं, मग बटण’ असा विधीच बसवला होता. तो अधूनमधून लागूही पडायचा, त्यामुळे तिचा त्यावर गाढ विश्वास.

वर्षभर हे रडगाणं चाललं. त्यात मी दोनदा चुकीचं निदान केलं आणि एकदा दुकानात पैसे घालवले. तुमच्याकडे असंच काही चालू असेल तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नका.

अडतो कुठे, ते आधी बघा

‘लॅपटॉप चालू होत नाही’ हे ‘पोटात दुखतंय’ म्हटल्यासारखं आहे. डॉक्टर पहिलं विचारणार, नेमकं कुठे?

बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत कामं ठरलेल्या क्रमाने होतात. आधी वीज पोचते. मग बायोस (बोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम) जागा होतो, प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. हजेरी नीट झाली की कंपनीचा लोगो दिसतो. त्यानंतर बायोस डिस्कवर विंडोज शोधतो, सापडली की कारभार तिच्या हाती देतो, आणि मग ते ठिपक्यांचं चक्र फिरायला लागतं.

यातली हद्द म्हणजे तो लोगो. लोगोच येत नसेल तर विंडोजने अजून गावात पाऊलही ठेवलेलं नाही. मग ती बिघडली कशी असेल? तरी असा लॅपटॉप दुकानात नेला की ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणणारे भेटतातच. मलाही भेटले. फॉरमॅट मारला, लॅपटॉप चार दिवस त्यांच्या एसीच्या कोरड्या हवेत राहिला आणि तिथे पहिल्या फटक्यात चालू झाला. घरी आणला, तिसऱ्या दिवशी पुन्हा काळी स्क्रीन.

काळ्या स्क्रीनचेही प्रकार आहेत, आणि ते ओळखायला काही उघडावं लागत नाही. पंखा फिरत असताना कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? होत असेल तर बहुतेक वेळा मशीन आत चालू आहे, फक्त दिसत नाहीये. मग खोलीतला दिवा घालवून मोबाइलची बॅटरी स्क्रीनवर तिरकी मारा. अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीनच्या मागचा प्रकाश गेलाय किंवा बिजागरीतून जाणारी केबल खराब झालीय. केबलचा दोष झाकण कमीजास्त उघडलं की लपंडाव खेळतो. घरात टीव्ही असेल तर एचडीएमआय लावून चित्र तिकडे येतं का तेही बघून घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशा चार कळा एकदम दाबल्या तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. बीप वाजून चित्र परत आलं तर दोष ड्रायव्हरचा समजा.

कॅप्स लॉक मख्ख राहिला तर मशीन हजेरीतच अडकलंय. अशा वेळी दिव्यांची उघडझाप किंवा बीप मोजा. बऱ्याच डेल मॉडेलांत बॅटरीचा दिवा दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा लुकलुकला तर त्याचा अर्थ रॅम सापडत नाही असा असतो. दुसऱ्या कंपन्यांची भाषा वेगळी, पण बहुतेक कंपन्यांच्या मदत पानावर मॉडेलनुसार तिचा तक्ता असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि शांतपणे मोजा. माझ्या मॉडेलने मात्र एकही दिवा लुकलुकवला नाही.

कालनिर्णयावरच्या नोंदी

रोज होणारा बिघाड शोधायला सोपा. मधूनच होणारा छळतो, कारण आपल्याला सोयीचं तेवढंच लक्षात राहतं. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी नोंदी करायला लागलो. ‘३ वेळा. लोगो नाही. कॅप्स मख्ख. पाऊस.’ बास, एवढंच. सौ. वैतागली, कारण दुधाचा हिशेब लावताना ‘३ वेळा’ म्हणजे तीन लिटर की काय, हे तिला कळेना.

पण या नोंदी आधी केल्या असत्या तर माझं एक वर्ष वाचलं असतं. झालं असं, की २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मला फास्ट स्टार्टअप नावाची भानगड कळली. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही. ती आपला गाभा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये साठवून झोपते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. हा साठा बिघडला किंवा एखाद्या ड्रायव्हरला हे झोपणं मानवलं नाही की चालू करताना स्क्रीन काळी राहते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं, म्हणून रिस्टार्ट केल्यावर कधीच अडत नाही. माझीही हीच लक्षणं! रात्री बंद केला की सकाळी अडणार, रिस्टार्टला कधी नाही. मी फास्ट स्टार्टअप बंद केलं, आणि चमत्कार झाल्यासारखी तक्रार थांबली. चार जणांना मी हा उपाय छाती फुगवून सांगितलासुद्धा.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. नोव्हेंबरपासून हवा कोरडी होती, एवढाच तो चमत्कार.

दोन दोषांची बाहेरची लक्षणं सारखी होती, पण फरक करणारी खूण समोरच होती. फास्ट स्टार्टअपच्या भानगडीत कंपनीचा लोगो येतो आणि मग स्क्रीन काळी पडते. माझ्याकडे लोगोच येत नव्हता. ही एक ओळ कालनिर्णयावर असती तर मी त्या वाटेला गेलोच नसतो.

तुमच्याकडे लोगो येऊन मग काळं होत असेल तर हा उपाय जरूर करा. आधी खात्री करून घ्या: शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं की विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. चार-पाच दिवस असंच बंद करून तक्रार आली नाही, तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची निळी ओळ दाबून ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) असेल तर वेगात फारसा फरक जाणवत नाही.

रॅम काढून पुसणे

माझा दोषी रॅम निघाला. खरं तर रॅमही नाही, तिच्या टोकांवर बसलेला थर. रात्रभर बंद राहिलेलं मशीन गार पडतं, दमट हवेत संपर्क ढिला होतो. दोन-चार वेळा वीज खेळली, आत जरा ऊब आली, की कसाबसा जुळतो. ‘तिसऱ्या वेळी चालू होतो’ यामागचं गूढ एवढंच.

वॉरंटी चालू असेल तर झाकणाला हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा. संपली असेल तर हे घरी जमण्यासारखं आहे. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच झाळलेली असते, तिथे मात्र हा मार्ग बंद. त्यामुळे आधी आपल्या मॉडेलचा व्हिडिओ बघून घ्या.

चार्जर काढा. लॅपटॉप उलटा टॉवेलवर ठेवा. स्क्रू काढताना लक्षात ठेवा की एकदोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली दडलेले असतात. ते न काढता झाकण ओढलं की प्लास्टिकचा कान तुटतो (माझा तुटला). स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या बाजूने फोड आणतो. झाकणाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत गेलं की टक टक करत चाप सुटतात. आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचं. मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. स्वतःच्या अंगातला करंट घालवायला लोखंडी कपाटाला हात लावा.

रॅमच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी धातूचे कान असतात. दोन्ही एकदम बाहेर ढकलले की पट्टी आपोआप तिरकी उचलली जाते आणि अलगद बाहेर येते. माझ्या पट्टीची सोनेरी टोकं खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा डावीकडच्या टोकांवर तपकिरी-काळसर झाक दिसली, जुन्या पितळी समईच्या घडीत बसते ना, तशी. पांढरा, मऊ खोडरबर घेऊन एकाच दिशेने हलक्या हाताने पुसायचं. मागेपुढे घासायचं नाही, आणि चुरा स्लॉटवर पडणार नाही इतकं लांब बसायचं. शेवटी कोरड्या ब्रशने झटकायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम. अत्तर, सॅनिटायझर, रॉकेल असले प्रयोग नकोत.

परत बसवताना पट्टीची खाच स्लॉटच्या खुंटीशी जुळवा, तिरकी आत सारा, सोनेरी टोकं जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग खाली दाबा. दोन्ही कान ‘टक’ करून बसले पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर ही संधी सोडू नका. आधी एकच पट्टी लावून चालू करा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. पट्टी खराब की स्लॉट, हे त्यातूनच कळतं. रॅम काढघाल केल्यावर पहिल्यांदा मिनिटभर स्क्रीन काळी राहू शकते. घाबरून लगेच बंद करू नका.

आता पावसाळ्यात लॅपटॉप आठवडाभर बंद ठेवत नाही, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. त्या जुन्या झाल्या की फेकायच्या, नुसत्या असून उपयोग नाही.

दिवाच लागत नसेल तर

हा माझा प्रश्न नव्हता, पण मेव्हण्याचा होता. त्याने प्रवासात चार्जर हरवला आणि मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावून बसला. लॅपटॉपच्या चार्जरवर आउटपुट लिहिलेलं असतं. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर यांचा गुणाकार सुमारे ६५ वॅट येतो. १८ वॅटचा मोबाइल चार्जर तिथे काय पुरणार? काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक ओळखपिन असते. ती वाकली किंवा स्वस्तातला चार्जर घेतला, तर वीज येते पण लॅपटॉप चार्जरला ओळखत नाही आणि बॅटरी भरत नाही.

चार्जर ठीक असेल तर तो काढून, बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग नुसत्या चार्जरवर चालू करा. वारंवार लाइट जाते-येते तिथे हा उपाय किती वेळा कामी येतो ते पाहून आश्चर्य वाटतं. टचपॅड वर आलाय, दाबलं तर क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, असं काही दिसलं तर मात्र बॅटरी फुगलीय. लॅपटॉप तिथेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि बॅटरी दाबायला किंवा टोचायला जाऊ नका.

घड्याळ दर वेळी जुनंच साल दाखवत असेल तर आतला छोटा सेल संपलाय. बहुतेकदा ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो, लॅपटॉपात त्याला वायर जोडलेली असते. तो संपला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यात डिस्कचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलला तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते. लोक विंडोजला दोष देतात, आणि दोष थोडक्या रुपयांच्या सेलचा असतो.

लोगोच्या पलीकडे

रॅम पुसल्यावर दीड वर्ष सुखात गेलं. २०२४ च्या डिसेंबरात लोगो येऊन ठिपके दहा दहा मिनिटं फिरायला लागले, मग ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग पुन्हा लोगो. मी सवयीने खोडरबर शोधायला लागलो. पण लोगो दिसत होता, म्हणजे हा आजार वेगळा.

इथे विंडोजची रिकव्हरी, म्हणजे तिची स्वतःची दुरुस्तीची सोय, उपयोगी पडते. ती आपोआप आली नाही तर लोगो दिसल्यावर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीन वेळा केलं की ती निळी पाटी येते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर. अपडेटनंतर बिघडलं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. ड्रायव्हरचा संशय असेल तर स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि ४ दाबून सेफ मोड (फक्त अत्यावश्यक गोष्टींसह चालू होणं). १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, तेव्हाचा हातउपायही हाच होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची.

आणि तेव्हाही अनेकजण जिथे अडले तिथे आपणही अडू शकतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) मागितली जाते. नव्या विंडोज ११ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप (एन्क्रिप्शन) बहुधा आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. ती किल्ली त्या खात्याच्या पानावर सापडते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती बघून कागदावर उतरवून ठेवा, निदान बायोसमध्ये काही बदलण्यापूर्वी तरी.

माझ्या डिस्कमधून टिक… टिक… आवाज येत होता. असा आवाज असेल तर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवायचा मोह टाळा. दुरुस्तीसाठी ते डिस्कचा कोपरान् कोपरा वाचत सुटतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी दमवतं. आधी डेटा बाहेर काढायचा. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घालून घेतलं. बूट मेनूसाठी (कशावरून चालू करायचं, ते विचारणारी यादी) डेल आणि बहुतेक लेनोवोत एफ १२, एचपीत एफ ९, असूसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ १२, पण ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. मिंट इन्स्टॉल करायचं नाही, पेनड्राइव्हवरूनच चालवायचं. फास्ट स्टार्टअप चालू असतं तर विंडोजचा भाग ‘झोपलेला’ समजून मिंटने तो नुसता वाचण्यापुरता उघडला असता, तेवढंही पुरलं असतं म्हणा. मुलीचे दहावीचे प्रकल्प, लग्नाचे फोटो, टॅक्सची कागदं, या क्रमाने काढलं. शेवटच्या काही फाइलींना डिस्कने दाद दिली नाही.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने खात्री केली. त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या खराब जागा मोजणाऱ्या दोन ओळी बघायच्या. शून्याच्या वर आकडा असेल तर सावध. तिथले आकडे मुळात सोळाच्या पायाचे असतात, त्यामुळे मधेच इंग्रजी अक्षरं दिसली तर गोंधळू नका. डिस्क बदलून साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी टाकली. विकत घेताना आपल्या लॅपटॉपात कोणती बसते ते बघा. एम.२ च्या (पातळ पट्टीसारख्या एसएसडीच्या) खाचेत साटा जोडणीची चालेल की एनव्हीएमई जोडणीची, हे दुकानदारालाही कधीकधी ठाऊक नसतं.

दुकानात द्यायचाच असेल तर

मदरबोर्डचं काम असेल तर दुकानात जावंच लागतं. जाताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. ‘दिवा लागतो, पंखा फिरतो, लोगो येत नाही, कॅप्स लॉक मख्ख, रॅम एकेक लावून बघितली’ असं सांगा. समोरच्याचं बोलणं लगेच बदलतं. रॅम किती, डिस्क कोणती, तिचा क्रमांक काय, हे त्यांच्यासमोर पावतीवर लिहून घ्या. आणि ‘न विचारता फॉरमॅट करू नये’ हेही. एसएसडी बसवायला दिली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘लक्षात ठेवतो हो काका.’ मी त्याच्याच पेनने पावतीवर लिहिलं आणि त्याची सही घेतली.